दापोलीचा समुद्र सहकुटुंब: आधी तिथी, मग खोली

कर्द्यात आमची घरगुती राहण्याची सोय आहे, चार खोल्यांची. बुकिंगचे फोन मी घेते. बहुतेक फोन एकाच प्रश्नाने सुरू होतात: “सी-व्ह्यू आहे ना?” भरती किती वाजता आहे, हे कुणी विचारत नाही. सोबत येणाऱ्या आजींना जिना चढवतो का, हे तर विचारणाऱ्यालाही आठवत नाही. मग मंडळी शनिवारी दुपारी दोनला आंबून पोचतात, जेवतात, साडेचारला टॉवेल खांद्यावर टाकून पाण्यात उतरायला निघतात, आणि त्या दिवशी समुद्र नेमका मागे सरत असतो.

घोळ क्रमाचा असतो. आधी खोली, मग तारीख, मग रस्ता, आणि समुद्राचा विचार किनाऱ्यावर पोचल्यावर. हा क्रम उलटा करायचा. खालचं सगळं दापोली तालुक्याचा किनारा धरून लिहिलं आहे: केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड, कर्दे, लाडघर. दोन रात्रींचा मुक्काम, सोबत म्हातारी माणसं आणि लहान मुलं, असं गृहीत धरलंय.

1. तारीख: भिंतीवरचं कॅलेंडर काढा

आधी नकाराचे महिने. जून ते ऑगस्ट समुद्र खवळलेला असतो. प्रवासी होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स मे अखेरीलाच आवरतात, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. पावसातलं कोकण बघायला जरूर या, पण मुलांना ‘समुद्रात खेळायला नेतो’ असं सांगून आणू नका. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते 31 डिसेंबर आणि मे महिन्यातले शनिवार-रविवार, या दिवसांत गर्दीही चढी आणि दरही. मला विचाराल तर नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी, शक्यतो सोमवार ते गुरुवार. आंबा खायचाच असेल तर एप्रिलचा दुसरा पंधरवडा. मात्र दुपारी अकरा ते चार खोलीबाहेर पडायचं नाही, ही तयारी ठेवून.

आता तिथी. इथला जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे भरती सकाळी सहाला आणि पुन्हा संध्याकाळी सहा-साडेसहाला. पुरती ओहोटी मधोमध, दुपारी बाराच्या सुमारास. पौर्णिमेला किंवा अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण तारीख ठरवायला एवढं पुरतं. नक्की वेळ मोबाइलवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात हर्णै किंवा जवळचं बंदर निवडून बघा.

पाण्यात खेळायची वेळ म्हणजे चढत्या भरतीची. ओहोटीला पाणी आत खेचतं, तेव्हा चालायचं, शिंपले वेचायचे, क्रिकेट खेळायचं. हे धरून चला:

- अष्टमी ते दशमी (शुद्ध असो वा वद्य): दुपारनंतर पाणी चढत जातं, दिवेलागणीला भरती पुरी होते. त्यातून हा भांगाचा काळ, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. मुलं असतील तर याहून चांगले दिवस नाहीत.
- पौर्णिमा-अमावस्या आणि लगतचे दोन दिवस: उधाण. सकाळी पाणी जोरात चढतं, संध्याकाळी तितक्याच जोरात ओसरतं. अंघोळ सकाळी साडेआठ ते साडेदहा उरकायची. संध्याकाळी फक्त चालायचं, तेव्हा पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, ऐसपैस मिळते.
- तृतीया-चतुर्थी: भरती दुपारी दोन-तीनला, भर उन्हात. सकाळी दहापर्यंत थांबावं लागतं आणि संध्याकाळ ओहोटीत जाते. सोय बघणाऱ्याने हे दिवस टाळावेत.

रजा आणि तिथी दर वेळी जुळत नाहीत, हे मलाही कळतं. तारीख हलत नसेल तर दिवसाचं वेळापत्रक हलवा. पण ते घरून निघण्यापूर्वी.

*तपासून घ्या:* चतुर्थीला आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला गर्दी असते, अंगारकीला तर विचारूच नका. दर्शन हवं असेल तर तो दिवस सोडून या.

कासवांची पिल्लं बघायला येणाऱ्यांसाठी वेगळा हिशोब. वेळास आणि आंजर्ल्याला साधारण फेब्रुवारी अखेर ते एप्रिल या काळात पिल्लं समुद्रात सोडतात, सकाळी लवकर आणि सूर्यास्ताच्या वेळी. घरट्यातून त्या दिवशी पिल्लू निघेलच असं नसतं. मुलांना शब्द देऊ नका, नाहीतर परतीच्या वाटेवर गाडीत रडारड.

2. गाव: नाव ऐकून नव्हे, माणसं मोजून

मुरुडची पुळण सपाट, गावही सपाट. घोडागाडी, भेळ, पॅरासेलिंगवाले, सगळा गलका तिथेच. मुलांना आवडतं, आजोबांना संध्याकाळी सातनंतर नको होतं. कर्दे लांबलचक, समुद्राला लागून राहण्याच्या जागा; पाण्यापर्यंत चालायला कमी. (माझं गाव म्हणून सांगत नाही. बरं, थोडं म्हणूनही.) लाडघरला तांबूस वाळू आणि खडे, खडकही आहेत, फोटोला सुरेख, अनवाणी मुलांना त्रासाचं. आंजर्ले आणि केळशी शांत, पण औषधाच्या दुकानासाठीसुद्धा गाडी काढावी लागेल. हर्णै हे बंदर. तिथे मासे बघायला, घ्यायला जायचं, अंघोळीला नाही.

3. खोली: फोनवर काय विचारायचं

सी-व्ह्यूचं आधी सांगते. इथे किनाऱ्याला सुरूचं बन आणि माडाच्या वाड्या. खालच्या खोलीतून समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. दिसायला हवा तर वरचा मजला, म्हणजे जिना. मागे पुण्याची एक ताई आईंना घेऊन आली होती, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. हट्टाने वरची खोली घेतली होती. आमच्या जिन्याला अठरा पायऱ्या. आई पहिल्या दिवशी वर गेल्या त्या तिसऱ्या दिवशीच खाली उतरल्या. चहा, जेवण सगळं वर. समुद्र त्यांनी गॅलरीतूनच पाहिला. ताई जाताना म्हणाली, “तुम्ही सांगायचं ना.” मी सांगितलं होतं. पण मी जोर द्यायला हवा होता, हे खरं. तेव्हापासून मीच आधी विचारते, गुडघे कुणाचे दुखतात?

बाकीचे प्रश्न या क्रमाने:

1. खोली तळमजल्यावर आहे का? कमोड आहे का?
2. पाण्यापर्यंत चालत किती मिनिटं, आणि मध्ये वाहता रस्ता ओलांडायचा आहे का? ‘बीच टच’ हा शब्द ऐकून थांबू नका.
3. वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय चालतं, नुसता दिवा की पंखाही?
4. चार माणसांच्या खोलीत पलंग किती आणि जमिनीवर गाद्या किती?
5. जेवण तिथेच मिळतं का? रात्रीचं किती वाजेपर्यंत सांगावं लागतं?
6. खोली किती वाजता ताब्यात मिळते? लवकर पोचलो तर पडवीत बसता येईल का, बाथरूम वापरता येईल का?
7. बेत रद्द झाला तर अ‍ॅडव्हान्सचं काय? हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा.

*सावध:* इंटरनेटवर सापडलेल्या नंबरवर पूर्ण रक्कम पाठवू नका. दुसऱ्याच्या जागेचे फोटो लावून पैसे उकळणारे बरेच आहेत. व्हिडिओ कॉल करून खोली दाखवायला सांगा. ज्याची जागा आहे तो फोन हातात घेऊन दारापासून चालत दाखवतो. जो ‘नेटवर्क नाही’ म्हणत राहतो, त्याला सोडा.

4. रस्ता

पहिली चूक मोबाइलच्या नकाशावर होते. नुसतं ‘मुरुड बीच’ टाकलं तर रायगडातलं मुरुड, जंजिऱ्याचं, समोर येतं. दर हंगामात एखादं कुटुंब तिकडे पोचतं आणि तिथून फोन करतं. ‘मुरुड, दापोली’ किंवा ‘मुरुड-हर्णै’ असं टाका.

पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव, पुढे लोणेरे, आंबेत, म्हाप्रळ, मंडणगड, दापोली: साधारण 190 किलोमीटर. मुलांसकट साडेपाच-सहा तास धरा. मुंबईहून 220-230 किलोमीटर. पनवेल, पेण, माणगाव असं येऊन तोच मंडणगडचा रस्ता धरा, नाहीतर महामार्गाने महाड, पोलादपूर, खेडच्या भरणे नाक्यावरून दापोली. आंबेतचा सावित्रीवरचा पूल मागे दुरुस्तीसाठी बराच काळ बंद होता. निघायच्या आदल्या दिवशी यजमानाला एवढंच विचारा: “मंडणगडवरून येऊ की खेडवरून?” तुमच्या नकाशापेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

हरिहरेश्वर करून येणाऱ्यांनी बागमांडला-वेश्वी जंगलजेटी, म्हणजे खाडी ओलांडणारी फेरीबोट घ्यावी, गाडीही तिच्यावर चढते. पुढे गुहागरला जायचं असेल तर दाभोळ-धोपावे. मोठा वळसा वाचतो आणि मुलांची करमणूक होते. शेवटची फेरी किती वाजता, हे त्या दिवशीच विचारून ठेवा.

रेल्वेने यायचं तर स्टेशन खेड. तिथून दापोली 30 किलोमीटरच्या आसपास, पुढे किनारा आणखी अर्धा तास. तिकीट 60 दिवस आधी उघडतं, सुट्टीच्या दिवसांचं तेव्हाच काढावं लागतं. तुमची गाडी खेडला थांबते का, ते आधी बघा. सगळ्या थांबत नाहीत. एसटीला बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट. आजी-आजोबा आणि दोन सुना खेडपर्यंत रेल्वेने, पुढे एसटीने, आणि बाकीचे सामानासकट गाडीने, असं वाटून आलेलं एक कुटुंब सगळ्यात ताजंतवानं पोचलेलं मी पाहिलंय.

*तपासून घ्या:* पेट्रोल आणि रोख पैसे दापोलीतच घ्या. किनाऱ्यावर रेंज गेली की शहाळेवाल्याचा क्यूआर कोड नुसता बघत बसावं लागतं. मळमळ होणाऱ्या मुलांना घाट लागायच्या आधी भरपेट वडापाव देऊ नका. घाट उतरल्यावर द्या.

5. सामान

यावर लोक फार वेळ घालवतात आणि चुकीच्या गोष्टी आणतात. फुगवायचे हंस, ट्यूब घरीच ठेवा. वाऱ्याबरोबर आत जातात आणि मूल त्यांना पकडायला मागे जातं. प्रत्येकाला मागे पट्टा असलेल्या चपला हव्यात, साध्या वाळूत रुतून तुटतात. गडद रंगाचे सुती कपडे पाण्यासाठी वेगळे काढा, वाळूचे डाग जात नाहीत. मुलांना भडक टोप्या किंवा शर्ट घाला, नारिंगी, पोपटी. निळा नको, पाण्यात दिसत नाही. रोजची औषधं मुक्कामापेक्षा दोन दिवस जास्त. टॉर्च. जुन्या चादरी गाडीच्या सीटवर टाकायला. बस.

6. तीन दिवसांचा क्रम

पहिल्या दिवशी काहीही ‘बघू’ नका. पोचा, जेवा, झोपा, उन्हं कलल्यावर पुळणीवर जा. म्हातारी माणसं पहिल्या दिवशी दमली की पुढचे दोन दिवस त्यांच्या पाठीमागे जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉल्फिन बघायचे असतील तर होडी सकाळचीच, वारा सुटायच्या आत. होडीत बसण्यापूर्वी मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट मागा. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते वर जातं आणि मूल खालून निसटतं. माप नसेल तर बसू नका, होडीवाला कितीही ‘काही होत नाही’ म्हणू दे. सुवर्णदुर्गाची फेरी हर्णैहून. उतरताना पाय भिजणार असंच धरा. किल्ल्यात पाणी-सावलीची सोय समजू नका, बाटली आणि टोपी जवळ हवी. सत्तरीच्या पुढच्यांना तिथे नेऊ नये असं माझं मत.

देवळांमध्येही निवड करा. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती: वरपर्यंत गाडी जाते, सगळ्यांना जमतं. आसूदचा केशवराज: पोफळीच्या वाडीतून उतरायचं, ओढ्यावरचा साकव ओलांडायचा, पुन्हा चढायचं. जागा अशी की उठावंसं वाटत नाही, पण गुडघ्यांचं काय ते ठरवून जा. दोन्ही एका सकाळी करू नका.

हर्णैचा मासळीचा लिलाव संध्याकाळी रंगतो. पायात जुनी चप्पल, मुलाचा हात घट्ट, आणि टोपल्या घेऊन धावणाऱ्यांच्या वाटेत उभं राहून फोटो नाही. लिलावात घाऊक माल जातो. घरापुरती मासळी शेजारी बसलेल्या बायकांकडे मिळते, साफ करून मागा. मुक्कामाच्या ठिकाणी ती शिजवून देतात का, हे सकाळीच विचारून ठेवा. संध्याकाळी साताला सुरमई हातात घेऊन आलेल्या पाहुण्याला नाही म्हणताना मलाच वाईट वाटतं, पण तोवर चूल आटोपलेली असते.

7. पाण्यात उतरताना

इथे घाई नको. हा टप्पा मोठ्याने वाचून दाखवा, कॉलेजातल्या पोरांना आधी.

1. किनाऱ्यावर पोचलात की दहा मिनिटं नुसतं उभं राहा. ओल्या वाळूवर काठीने रेघ मारा. लाटा रेघ ओलांडायला लागल्या तर भरती, रेघ कोरडी राहिली तर ओहोटी.
2. गावातल्या कुणालाही विचारा: “इथे उतरतात का?” शेजारच्या पुळणीवर उतरतात म्हणून इथे चालेल असं नसतं.
3. लाटा सगळीकडे फुटतायत आणि मध्येच एक पट्टा गुळगुळीत, गडद, शांत दिसतोय? लोक तिथेच उतरतात, कारण लाट लागत नाही. तीच ओढीची जागा, किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथून परत आत जातं. तिथे नाही.
4. खाडीच्या तोंडाशी तर कधीच नाही. आंजर्ल्याला हे विशेष लक्षात ठेवा.
5. मुलं गुडघ्यापर्यंत, मोठे कमरेपर्यंत. पोहता येतं म्हणणाऱ्यांनाही हाच नियम. तलावातलं पोहणं इथे उपयोगी पडत नाही.
6. एक मोठं माणूस कोरडं. त्याने पाण्यात जायचं नाही, फोन बघायचा नाही, फक्त डोकी मोजायची. अर्ध्या तासाने पाळी बदलायची. ‘सगळेच लक्ष ठेवतायत’ म्हणजे कुणीच ठेवत नाहीये.
7. अंधार पडायच्या आत बाहेर. दारू घेतलेला कुणीही पाण्यात नाही. भाऊजी असले तरी.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, दम जातो. किनाऱ्याला समांतर हात मारत बाजूला सरका. ओढीचा पट्टा संपला की लाटाच बाहेर आणतात. काठावरच्यांनी मागोमाग उडी टाकू नये. दोर, ट्यूब, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेका, आरडाओरडा करून होडीवाल्यांना बोलवा आणि 112 लावा. रुग्णवाहिकेसाठी 108. उपजिल्हा रुग्णालय दापोलीत आहे.

जेलीफिश चावली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. वाळूने चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. पुळणीवर मेलेली दिसली तरी मुलांना हात लावू देऊ नका.

*सावध:* गाडी पुळणीवर उतरवू नका. गेल्या मे महिन्यात एक पांढरी नवीकोरी गाडी फोटोसाठी ओल्या वाळूपर्यंत गेली. वाळू वरून टणक दिसते. चाक फिरवलं तसं ते खाली खाली गेलं, आणि पाणी चढतं होतं. पोरांनी फळ्या घातल्या, झावळ्या घातल्या, मालक अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिला. पाणी दारापाशी आलं तेव्हा वाडीतून ट्रॅक्टर आला. गाडी निघाली, आतल्या पायपुसण्यांवर वाळू आणि एक खेकडा.

8. जेवण

घरगुती ठिकाणी हॉटेलसारखं मेनू कार्ड नसतं. दुपारचं जेवण सकाळी नाश्त्याला सांगायचं, रात्रीचं दुपारी चारपर्यंत. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी, आणि नग सांगून. ‘थोडेसे करा’ यातून मला काहीच कळत नाही. मुलांसाठी कमी तिखट आधी सांगा, ताट वाढल्यावर नाही. मासळीच्या ताटाचा दर बाजारावर हलतो, म्हणून बसण्यापूर्वी विचारा, त्यात कुणाला राग येत नाही. सोमवारी, गुरुवारी, चतुर्थीला घरात कोण काय खात नाही हेही सांगून ठेवा. एकाच घरातून आलेल्या सहा माणसांचे पाच उपास मी पाहिलेत.

9. निघताना

तिसऱ्या दिवशी ‘सकाळी पुन्हा एकदा समुद्र’ हा मोह होतो. जायचं असेल तर सात ते साडेआठ, कपडे न भिजवता. ओले कपडे घेऊन सहा तासांचा प्रवास करू नका. मासळी न्यायची तर थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून, आणि खोकं सामानाच्या तळाशी नाही, सहज काढता येईल असं. रविवारी दुपारी बारानंतर निघालात तर माणगावला गर्दीत अडकाल. नऊला नाश्ता, दहाला गाडीत.

खोली सोडताना पलंगाखाली बघतात सगळे. मागच्या दोरीवर कुणी बघत नाही. आमच्याकडे एका पोत्यात लोकांच्या राहिलेल्या पोहण्याच्या चड्ड्या, टॉवेल आणि एक लुगडं आहे. ओळख पटवून घेऊन जावं.